दहावं नाव

"बेल्जियमचा विषय या क्लबात काढायचा नाही," चीज भरलेल्या खुसखुशीत पास्तीत्सींचा गरम ट्रे काउंटरवर ठेवत नीनामावशी सॅल्व्हीनाच्या कानाशी पुटपुटली. "माझ्या भावासमोर तर मुळीच नाही."

सॅल्व्हीनानं मान डोलावली. माल्टाच्याच गोझो बेटावरून या गावात येऊन, बँड क्लबच्या बारमध्ये कामाला लागून तिला आठवडाच झाला होता. तान्ह्या बेर्तूला तिनं छातीशी बांधून घेतलं होतं. एका हातानं पेले विसळायचे, दुसऱ्यानं त्याची पाठ थोपटायची. बाळाला घेऊन येऊ देणारी नोकरी पुन्हा कुठे मिळणार? ती टिकवायची तर गावाची मर्जी सांभाळायला हवी.

युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेची आज टीव्हीवर उपांत्य फेरी होती. दहा देश अंतिम फेरीत जाणार, बाकीच्यांनी सामान बांधायचं. गेली काही वर्षं माल्टा सामानच बांधत होता.

"माझ्या तरुणपणी आपण शेवटून पहिले यायचो," म्हातारा कार्मनू म्हणाला. "मग तिसरे आलो, दुसरे आलो. पहिले येऊ तेव्हा मी वर सेंट पीटरच्या शेजारी बसून बघत असेन."

"तो तुला आत घेईल तर ना!" नीनामावशी म्हणाली आणि सगळा क्लब हसला.

हसले नाहीत ते फक्त नीनामावशीचे भाऊ, विस्टिनकाका. क्लबचे अध्यक्ष, बँडमधले सगळ्यात जुने ट्रॉम्बोनवाले. ते टीव्हीच्या अगदी पुढ्यात, गुडघ्यावर टोपी ठेवून बसले होते.

माल्टाचा पोरगा गायला तेव्हा क्लबात नुसता गोंगाट. चकचकीत अंगरखा, मागे ज्वाळा, आणि इकडे टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या. मधेच खाटीक सालवू सॅल्व्हीनाला म्हणाला, "ए बाई, एक गार दे की." आपलं गाणं चालू असताना यांना तहान तरी कशी लागते, असं तिच्या मनात येऊन गेलं.

मग बेल्जियमचं गाणं लागलं.

पत्त्यांचा डाव थांबला. कार्मनूनं खोकला गिळला. "आणि आता, ब्रसेल्सची व्हेरा लून!" निवेदक म्हणाला.

"ब्रसेल्सची म्हणे," विस्टिनकाका गुरगुरले आणि उठून उभे राहिले.

साधा पांढरा झगा घातलेली, सडपातळ मुलगी. मागे ज्वाळा नाहीत, नाचणारे नाहीत.

"खांदे बघा," काका म्हणाले. "श्वास घेताना खांदे वर. पोटातून घ्यायचा असतो श्वास. आता वरच्या सुराला घसरणार. बघाच तुम्ही."



ती घसरली नाही. वरचा सूर तिनं लावला आणि धरून ठेवला. काकांनी मोठा सुस्कारा सोडला, मट्कन खाली बसले. अशी जिरल्यावर माणूस दुसरं काय करणार, सॅल्व्हीनाला वाटलं.

गाणं फ्रेंच होतं, तिला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. पण सकाळपासून किरकिरणारा बेर्तू गप्प झाला होता. डोळे टक्क उघडे, मूठ तोंडात. सॅल्व्हीनाच्या अंगावर काटा आला होता. तिनं तो कुणाला दिसू दिला नाही.

मतदान सुरू झालं. आपल्याच देशाला मत देता येत नाही, दुसऱ्या कुणालाही मात्र पुन्हापुन्हा देता येतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सगळे आपापल्या फोनवर वाकले. पत्ते लपवावेत तसे फोन लपवून बोटं चालू होती.

"तुम्ही कुणाला देताय?" तिनं सालवूला विचारलं.

"पाद्रीबाबा पण असं विचारत नाहीत गं," तो म्हणाला आणि त्यानं पाठ फिरवली.

बेर्तूला पाजायचं निमित्त करून ती मागच्या खोलीत गेली. तिथे, ढोल आणि झेंड्यांच्या आडोशाला, तिनं बेल्जियमला मत दिलं. मग आणखी एकदा. चोरी केल्यासारखा तिनं फोन पटकन खिशात सरकवला.

निकाल यायला लागले. एकेक देश पुढे जात होता आणि क्लबात एकेक उसासा पडत होता. नऊ नावं झाली. एकच जागा उरली. पडद्यावर दोन चौकटी आल्या. एकीत माल्टाचा पोरगा डोळे मिटून उभा, दुसरीत ती पांढऱ्या झग्यातली.

विस्टिनकाकांनी टोपी पिळून पिळून तिची चिंधी केली होती.

माल्टा, सॅल्व्हीना मनात म्हणत होती. देवा, माल्टाच म्हणू दे.

"बेल्जियम!"

काकांनी दोन्ही हातांत तोंड लपवलं, त्यांचे खांदे गदगदायला लागले. ज्यांनी सॅल्व्हीनाला बाळासकट कामावर घेतलं, त्यांच्या आणि आपल्याही देशाला तिनं स्वतःच्या बोटानं बाहेर काढलं होतं. तिला राहवेना. ती काउंटरमागून बाहेर आली, काकांसमोर उभी राहिली.

"काका, मला माफ करा. मी तिलाच मत दिलं. दोनदा."

मग कार्मनू खाकरला.

"दोनदाच?" तो म्हणाला. "मी तर फोन नको म्हणेपर्यंत दिलं."

"मीही," सालवू म्हणाला.

"माझं तर बोट दुखतंय," मागून कुणीतरी म्हणालं, आणि आतल्या खोलीत कुणीतरी मोठ्या ढोलावर पहिली थाप मारली.

नीनामावशी एप्रनला हात पुसत आली आणि तिनं भावाच्या पाठीत धपाटा घातला. "आता तरी फोन कर रे, गाढवा! किती वर्षं तोंड फिरवून बसशील?"

"फोन? कुणाला?" सॅल्व्हीना गोंधळून म्हणाली.

विस्टिनकाकांनी तोंडावरचे हात काढले. गाल ओले होते आणि ते हसत होते.

"आपल्या देशाला मत देता येत नाही, पोरी," ते म्हणाले. "आपल्या मुलीला देता येतं."