चुंबक चिकटलं नाही

चौकशी अधिकाऱ्याने टेबलावर पाइपचे दोन तुकडे ठेवले. "एक निकेलच्या मिश्रधातूचा आहे, एक साध्या स्टेनलेसचा. तीस वर्षं माल तपासताय ना? ओळखा."

मी सवयीने खिशातलं चुंबक काढलं. ते पहिल्याला चिकटलं नाही. दुसऱ्यालाही नाही.

"मग त्या दिवशी तुम्ही नेमकं तपासलंत काय?" त्याने विचारलं.

त्या दिवशी गरम ॲसिडच्या लाइनचा पाइप बदलायचा होता; तिथे निकेलच्या मिश्रधातूचाच लागतो. धातू ओळखणारं मशीन पुण्याहून यायला दोन दिवस लागणार होते आणि वरून सारखे फोन येत होते. शिगवण फिटर म्हणाला, "मशीनची वाट बघूया का, साहेब?" मी पाइपला चुंबक लावून दाखवलं. "चिकटत नाही ना? मग माल बरोबर आहे. बसव." तो स्टेनलेस होता. अकराव्या दिवशी ॲसिडने आतून खाल्लेला पाइप फुटला, तेव्हा शिगवण बरोबर खाली उभा होता.

चौकशीनंतर त्याच्या लॉकरमधलं सामान घेऊन मी त्याच्या घरी गेलो. बायकोने पिशवी उपडी केली. डबा, चष्मा, किल्ल्या आणि किल्ल्यांना घट्ट चिकटलेलं एक छोटं चुंबक.

"तुम्हीच शिकवलंत म्हणून कायम जवळ ठेवायचे," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही गेल्यावर ह्यांनीही लावून बघितलं म्हणे. घरी येऊन मला म्हणाले, साहेबांवर उगाच शंका घेतली."