बाराव्या घरची बाटली

डोळे मिटा. तुमच्या हातात तारेची एक जाळी आहे आणि तिच्यात बोटभर उंचीच्या बारा काचेच्या बाटल्या आहेत. एकही फुटता कामा नये. आणि तुम्हाला तर दोन मिनिटंसुद्धा एका जागी उभं राहवत नाही. जमेल?

भिंगरीला जमायचं. दहा वर्षांची ही मुलगी दिवसभर घरात गरगरत असायची, म्हणून तिचं नाव भिंगरी. पण शनिवारी सकाळी जाळी हातात आली, की ती पाऊल जपून टाकायची.

तिची आत्या सायकलच्या दुकानावरच्या खोलीत गल्लीचा रेडिओ चालवायची. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, मधोमध एक माइक. गल्लीतली मुलं एकामागून एक पोट धरून झोपू लागली, तेव्हा आत्याने बारा घरांचं पाणी तपासायला घेतलं. बाटलीत औषध आधीच घातलेलं असे. घरच्यांनी पाणी भरून द्यायचं, आणि बाटल्या रेडिओच्या तापणाऱ्या यंत्रामागच्या फळीवर दीड दिवस ठेवायच्या. पाणी काळं झालं, तर त्यात घाण आहे. रविवारी संध्याकाळी सहाला भिंगरी निकाल वाचायची, घराघराच्या नावानिशी.

"नावं कशाला वाचायची, वन्सं?" आईने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"लपवलं की अफवा उठतात, वहिनी," आत्या म्हणाली. "आपल्याकडे सगळं उघड."

तीन रविवार एकच निकाल आला. अकरा घरं स्वच्छ, बारावं काळं. बारावं घर शिंपीणकाकूंचं.

"पोरं तिच्याकडे चिंध्या मागायला जातात आणि तिथेच पाणी पितात," गल्ली म्हणू लागली. "मग आजारी पडणार नाहीत तर काय?" काकूंच्या मशीनवर कपडे येईनासे झाले. भिंगरीचा धाकटा भाऊही चिंध्यांचा शौकीन. तो चार दिवस अंथरुणात होता.

मग पाणीखात्याचे साहेब आले. "अकरा घरं चांगली, म्हणजे मोठी नळवाहिनी चांगली," ते म्हणाले. "रस्ता खोदायची गरज नाही. बाईंच्याच नळात दोष आहे. या रविवारी पुन्हा काळं आलं, तर सहाच्या बातम्यांनंतर त्यांचा नळ बंद."

"मग मी पाणी कुठून आणायचं?" काकूंनी विचारलं.

"शेजारी देतील की."

"शेजारी हल्ली माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत, साहेब. पाणी काय देणार?"

त्या शनिवारी भिंगरी नेहमीपेक्षा लवकर निघाली. बाहेर कडाक्याची थंडी होती. तिला बाटल्या गोळा करायला आवडायचं ते यासाठीही, की त्या हाताला मस्त उबदार लागायच्या. गवंडीदादांच्या घरची तर फडक्यात गुंडाळलेली मिळाली. एकेक बाटली गालाला लावत ती गल्लीच्या टोकाला पोचली.

"काकू, आज तरी नीट भरा!"

"नीट म्हणजे कशी गं बाई? नळ सोडते, बाटली धरते. त्यात कसली आलीय कलाकुसर?" काकू हसल्या आणि त्यांनी बाटली पुढे केली.

ही बाटली गार होती. नेहमीच असायची. काकूंच्या खोलीत ऊन कुठे यायचं!

परत येताना भिंगरी स्वतःच्या घरी थांबली. दाराला कुलूप होतं. आई धाकट्याला घेऊन डॉक्टरांकडे गेलेली. भिंगरीने कोनाड्यातली किल्ली काढली, नळाखाली घरची रिकामी बाटली धरली, चिठ्ठी चिकटवली आणि धावत जिना चढली.

रविवारी दुपारपासून तिचा पाय ठरेना. ती चार वेळा खाली जाऊन वर आली.

"अगं, बस की जरा! तुझ्या येरझाऱ्यांनी मला गरगरतंय," आत्या ओरडली.

पावणेसहा वाजले. साहेब खुर्चीत बसले होते. दारात त्यांचा माणूस पाना घेऊन उभा होता. काकू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. आत्याने फळीवरून जाळी काढली.

बारावी बाटली काळी होती. साहेबांनी पाना धरलेल्या माणसाकडे पाहून मान हलवली.

"थांबा," आत्या म्हणाली. "आणखी एक काळी आहे."

भिंगरीने चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली. चिठ्ठीवरचं अक्षर तिचंच होतं आणि घरही तिचंच.

तेवढ्यात आई वर आली. लेक बातम्या वाचते ते ऐकायला ती दर रविवारी यायची. बाटली बघून तिचा चेहरा उतरला. तिने भिंगरीला दंडाला धरून माइकपाशी ओढलं.

"ही कोणी भरली?" ती कुजबुजली.

"मीच. तू नव्हतीस ना."

"कुठून भरलीस?"

"नळातून. आणखी कुठून?"

"तशीच? उकळलं नाहीस?"

"पाणी उकळायचं असतं?"

"कार्टे, रेडिओवर घराचं नाव घेतात! चारचौघांत शोभा व्हायला नको, म्हणून आम्ही सगळ्याजणी बाटलीपुरतं उकळूनच देतो. त्या शिंपिणीला तेवढी अक्कल नाही."

"आणि प्यायचं पाणी?"

"ते कशाला उकळायचं? पाणी स्वच्छ आहे. दर रविवारी तूच तर सांगतेस."

घड्याळात सहा वाजले. आयुष्यात पहिल्यांदाच भिंगरी अगदी स्थिर उभी होती. तिने हात लांब करून माइकचं बटण दाबलं आणि माइक आईकडे वळवला.

"आई," ती म्हणाली, "हेच परत सांग."