आत्याचा मान

बारशाच्या दिवशी पाळण्यातल्या बाळाच्या करंगळीवरची शाई शेजारच्या उल्काकाकूंना दिसली आणि भलताच विषय निघाला.

"अगं बाई, एवढ्याशा जिवाला पोलिओचा डोस?"

"आज पोलिओ रविवार ना, काकू," बाळाची आई हेमांगी म्हणाली. "सकाळीच ताई आणि मी सोसायटीच्या गेटवर जाऊन पाजून आणले थेंब."

ताई म्हणजे तिची नणंद सुहासिनी. ती पाळण्याच्या दोरीला रेशमी फीत बांधत होती. तिच्या उजव्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत आधाराचा लोखंडी कॅलिपर होता.

सोफ्यावरून सासरे हसले. "देशातून पोलिओ कधीच हद्दपार झाला, बेटा. आता कशाला ते थेंब?"

"शेजारच्या देशांत आहे की अजून, अण्णा. आपण थेंब बंद केले तर इथे यायला कितीसा वेळ लागतो?"

अण्णासाहेबांनी सुनेचं बोलणं हातानंच उडवून लावलं आणि पाहुण्यांकडे वळून नेहमीची कथा सुरू केली. "आमच्या सुहासिनीचा पाय गेला तो तिच्या आईच्या मूर्खपणामुळे. पोर तापानं फणफणलेली, आणि हिनं घातली डोक्यावरून अंघोळ! मग दुसरं काय होणार?"

ही कथा सुहासिनीनं लग्नांत ऐकली होती, मुंजींत ऐकली होती. आई खाली मान घालून ऐकायची, आणि तशीच ऐकत ऐकत मेली. चोराच्या उलट्या बोंबा! थेंब पाजायला निघालेल्या आईला ह्याच माणसानं दारातून परत फिरवलं होतं. सरकारी, फुकटचं औषध माझ्या घरात नको म्हणाला होता. पुढे ताप चढल्यावर ओळखीच्या डॉक्टरकडून लेकीच्या कमरेत इंजेक्शन टोचवून घेतलं, तेही ह्यानंच.

"अण्णा, अंघोळीनं पोलिओ होत नाही," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "त्याचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो. तुम्ही थेंब पाजू दिले असतेत, तर आज बहुतेक मी धडधाकट असते. आणि त्या तापात इंजेक्शन टोचलं की पाय जायचा धोका उलट वाढतो. माझ्या डॉक्टरांना विचारा."



"शुभ दिवशी नको तो विषय," अण्णासाहेब म्हणाले. "चला, मुहूर्त टळतोय. नाव मी काढलंय, रेवा. जा, सांग तिच्या कानात."

नको तो विषय! ह्या म्हाताऱ्याला गदागदा हलवावं असं सुहासिनीला वाटलं. पण एवढ्यानं तिचं भागणार नव्हतं. एका दिवसाचं भांडण तो संध्याकाळपर्यंत पचवून टाकेल. त्याला रोज टोचेल असं काहीतरी तिला हवं होतं. आणि बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तर आत्याचाच असतो.

कॅलिपरचा पाय दुमडेना. पाळण्याचा काठ धरून ती तशीच झुकली आणि बाळाच्या कानाशी तोंड नेलं. बायकांनी रीतीप्रमाणे "कुर्रर्र" करत तिच्या पाठीत हसत हसत धपाटे घातले.

"काय ठेवलं गं नाव?" उल्काकाकूंनी विचारलं.

"वैजयंती."

अण्णासाहेबांच्या हातातला पेढा हातातच राहिला. बायकोचं नाव! ती गेल्यापासून त्यांनी ते एकदाही घेतलं नव्हतं. जिवंतपणी तरी कुठे घेतलं होतं?

"हे कुणाला विचारून?" ते गुरगुरले.

"आत्या कुणाला विचारत नसते, अण्णा. कानात एकदा गेलेलं नाव बदलत नाहीत, हे तुम्हीच सांगत आलात ना?"

सगळ्यांच्या नजरा हेमांगीकडे गेल्या. तिनं नणंदेच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं, मग बाळाचं दुपटं नीट केलं. "राहू दे, अण्णा. मला आवडलं."

मागच्या खुर्चीवरच्या एका आजींनी कानामागे हात धरला. "काय म्हणाली? मला नाही ऐकू आलं."

सुहासिनी बापाकडे वळली. "तुम्ही सांगा ना त्यांना. आता रोज ह्याच नावानं लाडानं हाक मारायचीय तुम्हाला."

अण्णासाहेबांचे ओठ कसेबसे हलले.

"मोठ्यानं, अण्णा," ती म्हणाली.