चालू राहिलेली गाडी

रविवारी चर्चमधून आलं की म्हातारा ऑर्विल जुनी गाडी अंगणात चालूच ठेवायचा आणि बॉनेट उघडून काहीतरी खुडबुडत बसायचा. त्याच्या मुलीच्या, मार्लिसच्या जिवाला घोर लागला. आज गाडी बंद करायला विसरतोय, उद्या शेगडी विसरेल. शेवटी तिने बापाकडची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली आणि ओमाहा शहरातल्या भावाला फोन लावला. बाप समोरच बसला होता.

"डॅड फार विसरायला लागलेत रे. किल्लीसुद्धा हरवून बसले."

पुढच्याच महिन्यात ती स्वतःजवळच्या दुसऱ्या किल्लीने गाडी घेऊन निघाली, तर गाडी चढावर अडली. गॅरेजवाला खाली वाकून म्हणाला, "ऑटोमॅटिक गिअरचं तेल गळतंय, पण ही गळती जुनी आहे. इतके दिवस कोण भरत होतं? हे तेल इंजिन गरम आणि चालू असतानाच मोजावं लागतं, बाई. कुणीतरी फार जपलंय गाडीला."

घरी येऊन मार्लिसने डब्यातल्या किल्लीवरचं पीठ पुसलं आणि ती बापाच्या हातावर ठेवली.


"सापडली का गं?" ऑर्विल ओशाळून हसला. "कुठे विसरलो होतो मी?"