मालकाच्या कानावर घालतो

निवृत्त कंडक्टरकाकांनी आयुष्यभराची पुंजी ओतून चार बिऱ्हाडांची छोटी इमारत घेतली, तेव्हा दलालाने कानमंत्र दिला, "मी मालक आहे म्हणून सांगू नका. माणसं डोक्यावर बसतात."

काकांनी तो तंतोतंत पाळला. तळमजल्यावरची ओल आलेली खोली स्वतःला ठेवली आणि वरच्या तिन्ही बिऱ्हाडांना सांगितलं, "मीही तुमच्यासारखाच भाडेकरू. मालक परगावी असतो."

नर्सबाईंचा नळ गळायचा, शिंपीणबाईंची खिडकी लागायची नाही, मास्तरांच्या मोरीचं पाणी तुंबायचं. प्रत्येकाला काकांचं एकच उत्तर, "मालकाच्या कानावर घालतो." असं म्हणत वर्ष काढलं, पण एका खिळ्याला हात लावला नाही.

शेवटी एका सकाळी नर्सबाईंनी तिन्ही घरांच्या सह्यांचं पत्र त्यांच्या हातात ठेवलं. "हे मालकाला पोचवा काका. आता फार झालं."

काकांनी दार लावून घेतलं आणि पाकीट फोडलं.



"आमच्या दुरुस्त्या राहू द्या. आधी खालच्या काकांच्या भिंतींची ओल बघा, त्यांचा खोकला आम्हाला ऐकवत नाही."