मनातल्या मनात

सिनेमा जुना, पण भन्नाट: मनातलं ऐकणारी आणि नुसत्या नजरेने डोकी फोडणारी माणसं! दिवे लागताच फिल्म क्लबात मतांचा धुरळा उडाला.

"डोकं कसलं, कलिंगड फोडलंय चक्क!" दातांचे डॉक्टर म्हणाले. "आणि मनातलं असं ऐकू येतं होय कुणाला?"

सगळे खो खो हसले. घड्याळवाला मात्र सिनेमातल्यासारखा डोळे ताणून, श्वास कोंडून पुढच्या रांगेतल्या पाठमोऱ्या ग्रंथपालबाईंना मनातल्या मनात पुन्हा पुन्हा विचारत होता, 'उद्या चहाला याल का?'

बाई गर्रकन वळल्या. "पोटात दुखतंय का तुमच्या?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "न... नाही."

"मग एवढं ओरडताय कशाला?" त्या हळूच म्हणाल्या. "येते म्हटलं ना उद्या चहाला!"