गॅलरीतली जाळी

उरणची होडी विकून मुलाकडे, कुंदनकडे, सुकापूरच्या फ्लॅटमध्ये आल्यापासून विठूला समुद्र तेवढा आठवायचा, घर मात्र आठवेना. "भरती झाली" म्हणत तो पहाटेच निघायचा. एकदा तर पार आपट्याला, पाताळगंगेच्या काठी सापडला. होडी शोधत होता.

मग एका सकाळी गॅलरीतली कबुतरांची जाळी फाटलेली दिसली. विठूने ट्रंकेतून जाळं विणायची सुई काढली, मांडी घातली आणि गाठी मारायला बसला. त्या दिवशी तो कुठेच गेला नाही.

तेव्हापासून रोज सकाळी जाळी फाटलेलीच असते. विठू ती सांधत बसतो, आणि बायको रंभा शेजारी कोलंबी सोलत बसते.

"आये, या रविवारी मी तारेचीच जाळी ठोकतो," कुंदन वैतागून म्हणाला. "ही कबुतरं लय माजलीत."

"ऱ्हाऊ दे रं," रंभा म्हणाली. "तुज्या बापाचा हात बसलाय."

दिवेलागणीला शेवटची गाठ मारून विठू उठला, चार घास जेवला आणि झोपला.


रंभाने मासे कापायची कोयती घेतली, गॅलरीत गेली आणि उद्यासाठी जाळीचे चार धागे कापले.